कर्णा नेमका कुणी ऐकला? चॅलेंजरचे अभियंते आणि बायबलमधला पहारेकरी

28 जानेवारी 1986 च्या सकाळी रॉजर बोइजोली यांना उड्डाण बघायचंच नव्हतं. युटा राज्यातल्या मॉर्टन थायोकॉल या कंपनीत ते अभियंता होते. चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाच्या दोन्ही बाजूंना बांधलेले घन इंधनाचे बूस्टर, म्हणजे यानाला वर ढकलणारे रॉकेट, याच कंपनीचे. सहकारी बॉब एबलिंग यांनी आग्रह केला म्हणून ते बैठकीच्या खोलीत गेले आणि पडद्यासमोर, एबलिंग यांच्या पायांना पाठ टेकून, जमिनीवर बसले. दोघांची भीती एकच होती: बूस्टर पेटताक्षणी सांधा फुटेल आणि यान जागेवरच जळेल. तसं झालं नाही. यान वर गेलं. साधारण साठाव्या सेकंदाला एबलिंग हळूच म्हणाले, आत्ताच देवाचे आभार मानून प्रार्थना संपवली. त्यानंतर तेरा सेकंदांनी यान आकाशात फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ या शाळेतल्या शिक्षिकाही होत्या, म्हणून देशभरच्या वर्गांतून मुलं हे उड्डाण बघत होती.

पुढे कॅमेऱ्यांच्या फिती तपासल्या तेव्हा दिसलं, की उजव्या बूस्टरच्या सांध्यातून ज्योत बाहेर पडायला 59 वं सेकंद पुरं व्हायच्या आतच सुरुवात झाली होती. म्हणजे ती प्रार्थना संपत होती तेव्हा आग लागलेलीच होती.

अभियांत्रिकी महाविद्यालयांत व्यावसायिक नीतिमत्तेच्या तासाला हे प्रकरण शिकवलं जातं आणि बहुधा एका वाक्यात आटोपतं: अभियंत्यांनी सांगितलं, साहेबांनी ऐकलं नाही. ख्रिस्ती प्रवचनांत हेच प्रकरण आलं की दुसरंच सोपं वाक्य ऐकू येतं, बाबेलच्या बुरुजाचं. माणसाने आकाशाला हात लावायला जावं आणि देवाने त्याचा गर्व उतरवावा. मला हे दुसरं वाक्य जास्त खटकतं. त्या रात्रीच्या बैठकीत गर्व कुणाला झालेला दिसत नाही. दिसतं ते वेळापत्रक, कंत्राट आणि काजळी धरलेला एक सांधा. बाबेलची गोष्ट सांगणाऱ्या उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायापेक्षा या प्रकरणाला जवळचे असे दोन उतारे बायबलमध्ये आहेत. ते एकमेकांशी सहज जुळत नाहीत, आणि एबलिंग यांची पुढची तीस वर्षं त्या दोहोंच्या मधल्या जागेत गेली असं मला वाटतं.

सांधा

बूस्टर सुमारे 45 मीटर उंच आणि 3.7 मीटर व्यासाचा. तो युटात तुकड्यांत बनायचा, रेल्वेने फ्लोरिडाला जायचा आणि तिथे तुकडे एकावर एक बसवले जायचे. जोडाच्या जागी रबराची दोन कडी: ओ-रिंग. जाडी जेमतेम 7 मिलिमीटर, परीघ 11 मीटरहून अधिक. पेटल्याबरोबर आतल्या दाबाने बूस्टरचं कवच किंचित फुगतं आणि सांध्याची फट क्षणभर उघडते. त्या क्षणात रबराने फुलून फट बुजवली पाहिजे, नाहीतर तापलेला वायू बाहेर पडणार. गार पडलेलं रबर कडक होतं आणि सावकाश फुलतं. सगळं प्रकरण या एवढ्या गोष्टीत आहे.

जानेवारी 1985 मध्ये एक यान कडाक्याच्या थंडीनंतर उडालं होतं. त्या वेळी सांध्याचं तापमान अंदाजे 53 फॅरनहाइट, म्हणजे 12 सेल्सिअसच्या आसपास होतं. परत आलेले बूस्टर उघडून पाहिले तेव्हा दोन कड्यांच्या मध्ये काळं ग्रीस सापडलं. पहिलं कडं ओलांडून वायू आत गेला होता. बोइजोली यांनी ते स्वतः पाहिलं. त्या वर्षी 31 जुलैला त्यांनी वरिष्ठांना लेखी कळवलं, की याकडे दुर्लक्ष झालं तर सर्वांत भयंकर दर्जाची दुर्घटना होईल, माणसं मरतील. सांध्यासाठी एक गट नेमला गेला. 1 ऑक्टोबरला एबलिंग यांनी त्या गटाच्या अडचणींबद्दल जे टिपण पाठवलं त्याचा पहिलाच शब्द ‘मदत करा!’ असा होता. सामान मिळत नाही, माणसं मिळत नाहीत, हर प्रकारे कामाला खो बसतो आहे, असा त्याचा मजकूर. ज्यांना सरकारी किंवा खासगी कचेरीच्या फायलींची सवय आहे त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल.

नासालाही हे माहीत होतं. त्याच जुलैत त्यांच्या अलाबामातल्या मार्शल केंद्राने या सांध्यामुळे उड्डाणांवर औपचारिक बंधन घातलं, आणि नंतर प्रत्येक उड्डाणाच्या वेळी तेच बंधन शिथिल केलं. समाजशास्त्रज्ञ डायन वॉन यांनी या सवयीचा बारकाईने अभ्यास केला. नियम मोडण्याचा कट कुणी केला नव्हता. दरवेळी थोडं बिघडायचं, दरवेळी निभावून जायचं, आणि मग तेवढा बिघाड हाच नियम ठरायचा.

27 जानेवारीची रात्र

थंडीचा अंदाज कळल्यावर एबलिंग यांनीच फ्लोरिडात असलेले कंपनीचे प्रतिनिधी ॲलन मॅकडॉनल्ड यांना फोन केला आणि नेमके आकडे मागवले. रात्री पारा 18 फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे 8 सेल्सिअसच्या घरात जाणार होता. संध्याकाळी युटा, अलाबामा आणि फ्लोरिडा अशी तीन ठिकाणांची फोनवर बैठक बसली. थायोकॉलच्या अभियंत्यांची शिफारस स्पष्ट होती: 53 फॅरनहाइटच्या खाली उडवू नका.

मार्शल केंद्राचे जॉर्ज हार्डी म्हणाले, या शिफारशीने मी हादरलो आहे. तरीही कंत्राटदार नको म्हणत असेल तर मी उडवायला सांगणार नाही, असंही त्यांनी जोडलं. त्याच केंद्राचे लॉरेन्स मलॉय यांनी विचारलं, मग काय, एप्रिलपर्यंत थांबू? अभियंत्यांकडे पक्का पुरावा नव्हता ही गोष्टही खरी आहे. ऑक्टोबर 1985 मध्ये 75 फॅरनहाइटला, छान उबेत उडालेल्या यानातही वायू कड्यापलीकडे गेला होता. मग थंडीचा संबंध कसा लावायचा? बोइजोली यांनी दोन्ही वेळची छायाचित्रं पुढे केली: थंडीतली काजळी गडद काळी, उबेतली फिकट आणि थोडी. डोळ्यांना फरक दिसत होता, पण तो आकड्यात बसत नव्हता.

इथे पुराव्याचा भार उलटा झाला. एरवी उड्डाणापूर्वी ‘सुरक्षित आहे हे सिद्ध करा’ असं अभियंत्यांना सांगितलं जायचं. त्या रात्री ‘असुरक्षित आहे हे सिद्ध करा’ असं त्यांना सांगितलं गेलं. निर्दोष धरण्याचा हक्क कोर्टात आरोपीला असतो. त्या रात्री तो रबराच्या कड्याला मिळाला.

थायोकॉलने आपसांत बोलायला पाच मिनिटं मागितली, ती अर्ध्या तासावर गेली. वरिष्ठ अधिकारी जेरी मेसन म्हणाले, आता व्यवस्थापनाने निर्णय घ्यायचा आहे. बोइजोली आणि त्यांचे सहकारी अभियंता आर्नी थॉम्प्सन उठून टेबलापाशी गेले, कागद आणि छायाचित्रं पुन्हा मांडली, समोरच्यांच्या चेहऱ्यांवर काहीच हलत नाही हे पाहून परत जागेवर बसले. अभियांत्रिकी विभागाचे उपाध्यक्ष बॉब लंड अजून अडून होते. मेसन त्यांना म्हणाले, अभियंत्याची टोपी काढा आणि व्यवस्थापकाची घाला. लंड यांनी घातली. चार व्यवस्थापकांचं मत घेतलं गेलं, अभियंत्यांचं घेतलं नाही. फोन पुन्हा जोडला, संमती वाचून दाखवली. पलीकडून विचारणा झाली, कुणाचं वेगळं मत आहे का? तिन्ही ठिकाणी शांतता. मॅकडॉनल्ड यांनी मात्र सही करायला नकार दिला. ती युटातून, त्या चार व्यवस्थापकांपैकी एक, जो किलमिन्स्टर यांनी केली.

युटात तेव्हा रात्रीचे सव्वानऊ वाजले होते. उड्डाण दुसऱ्या दिवशी तिथल्या घड्याळाप्रमाणे 9:38 ला. मधे बारा तास होते, हे लक्षात ठेवावं.

टोपी

मेसन यांचं टोपीचं वाक्य इतकं प्रसिद्ध झालं की आता त्याची धारच गेली आहे. ख्रिस्ती विचाराने पाहिलं तर ते दिसतं त्यापेक्षा अवघड आहे. सोळाव्या शतकात मार्टिन ल्युथर यांनी शिकवलं, की देवाचं पाचारण फक्त धर्मगुरूला आणि संन्याशाला नसतं. चांभार, गवळण, न्यायाधीश, सगळ्यांचं रोजचं काम हेच शेजाऱ्याच्या सेवेचं पाचारण. प्रॉटेस्टंट मंडळींत अभियांत्रिकीकडे आदराने पाहण्याची जी परंपरा आहे ती इथूनच येते. पण त्याच शिकवणीत माणूस आणि त्याचं पद यांत भेदही केलेला आहे. माणूस म्हणून क्षमा करायची, न्यायाधीश म्हणून शिक्षा द्यायची. या फटीतून टोपी बदलण्याची सोय आत शिरते. रविवारी एक, सोमवारी दुसरी.

विसाव्या शतकात जर्मन धर्मपंडित डीट्रिख बोनहोफर यांनी, हिटलरपुढे वाकलेली चर्च डोळ्यांसमोर असताना, वास्तवाचे असे दोन कप्पे करण्यावरच टीका केली. ख्रिस्त जर सगळ्या जगाचा प्रभू असेल तर ज्याला त्याचा नियम लागू नाही असं वेगळं क्षेत्र कुठून आणणार? त्यांचा मुद्दा लंड यांना लावला तर एवढंच निघतं: व्यवस्थापकाच्या टोपीखालीही डोकं तेच होतं, आणि 53 हा आकडा त्या डोक्याला माहीत होता.

लंड यांना खलनायक ठरवण्याची घाई मात्र मला नाही. अमेरिकी धर्मपंडित रेनहोल्ड नीबूर यांनी 1932 मध्येच मांडलं होतं, की एकेकटी माणसं जेवढी नीतीने वागू शकतात तेवढा त्यांचा समूह वागू शकत नाही. त्या टेबलाभोवतीच्या चौघांपैकी कुणाही एकट्याला सात जणांच्या कुटुंबीयांसमोर बसवून सही मागितली असती, तर त्याने ती केली असती का? मला शंका आहे. टेबलावर ती सगळ्यांची झाली आणि म्हणून कुणाचीच राहिली नाही. कॅथलिक शिकवणीत 1980 च्या दशकात ‘पापाच्या संरचना’ ही भाषा रुळली ती अशाच ठिकाणी कामाला येते. पण पोप जॉन पॉल दुसरे यांनी एक गोष्ट बजावून ठेवली होती: संरचना स्वतः पाप करत नाही, ती माणसांच्या पापांतूनच उभी राहते. ‘व्यवस्थाच तशी होती’ म्हणून हात झटकायला त्यांनी जागा ठेवली नाही.

पहारेकरी आणि कठडा

आता ते दोन उतारे. यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकात, 33 व्या अध्यायात, गावाच्या वेशीवर पहारेकरी आहे. शत्रूची तलवार येताना पाहून त्याने कर्णा वाजवला आणि लोकांनी ऐकलं नाही, तर त्यांच्या रक्ताचा दोष त्यांच्याच माथी. त्याने कर्णा वाजवलाच नाही, तर मेलेल्याच्या रक्ताचा जाब देव पहारेकऱ्याला विचारेल. बोइजोली आणि एबलिंग यांच्याबद्दल ख्रिस्ती लेखक लिहितात तेव्हा हाच उतारा पुढे येतो, आणि तो त्यांना सोडवतो. त्यांनी कर्णा वाजवला होता, लेखी वाजवला होता. खुद्द बोइजोली यांनी चौकशी आयोगापुढे साधारण हेच सांगितलं: माझं म्हणणं मी मांडलं, आणि अभियंत्याचं ऐकून मग निर्णय घेण्याचा व्यवस्थापनाचा हक्क मी कधीच काढून घेणार नाही.

दुसरा उतारा बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, 22 व्या अध्यायात, एका ओळीचा. नवं घर बांधशील तर धाब्याला, म्हणजे सपाट छताला, कठडा घाल. नाहीतर कुणी वरून पडलं तर रक्ताचा दोष तुझ्या घराला लागेल. बायबलमध्ये बांधकामाच्या सुरक्षेचा इतका थेट नियम दुसरा नसेल. त्या काळी धाब्यावर माणसं झोपायची, धान्य वाळवायची, पाहुणे बसायचे. इथे इशाऱ्याला काही किंमत नाही. ‘मी पाहुण्याला सांगितलं होतं, काठाशी जाऊ नको’ हे उत्तर चालत नाही. कठडा आहे की नाही, एवढंच विचारलं जातं.

अभियंता यांपैकी कोण? पहारेकरी, की घर बांधणारा? पहारेकऱ्याने तलवार घडवलेली नसते. एबलिंग यांनी मात्र ज्या सांध्याबद्दल कर्णा वाजवला तो त्यांच्याच कंपनीने बनवलेला सांधा होता. स्वतःच्या धाब्याबद्दल ओरडणारा घरमालक पहारेकरी म्हणून सुटू शकतो का? माझ्या मते पुरता नाही. पण घर त्याच्या एकट्याच्या मालकीचंही नव्हतं. कठडा घालायला लागणारा पैसा, माणसं आणि वेळ दुसऱ्यांच्या हातात होतं. ऑक्टोबरमधलं ते टिपण म्हणजे कठड्यासाठी विटा मागणाऱ्या गवंड्याचा अर्ज होता.

यहेज्केलाच्या उताऱ्यातली आणखी एक गोष्ट सहसा निसटते. पहारेकरी कर्णा गावासाठी वाजवतो, तलवार ज्यांच्यावर येणार त्यांच्यासाठी. ‘त्यांनी ऐकलं नाही, दोष त्यांचा’ हे गणित तेव्हाच बसतं, जेव्हा ऐकणारे आणि मरणारे एकच असतात. इथे ऐकलं व्यवस्थापकांनी आणि मेले अंतराळवीर. त्या सातांपैकी कुणालाही आदल्या रात्रीच्या वादाची खबर नव्हती. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या रॉजर्स आयोगाने तर नोंदवलं, की उड्डाणाला अखेरची संमती देणारे नासाचे वरिष्ठही कंत्राटदाराच्या मूळ लेखी शिफारशीबद्दल अनभिज्ञ होते. कर्णा वाजला खरा, पण मधल्या खोलीतच विरला. म्हणून यहेज्केलाच्या आधारे अभियंत्यांना मिळणारी सुटका मला अर्धीच वाटते. ते खोटं बोलले नाहीत, गप्पही बसले नाहीत. पण कर्णा वरिष्ठांपर्यंत पोचला म्हणजे गावापर्यंत पोचला, असं त्यांच्या व्यवसायाने त्यांना शिकवलं होतं.

त्या बारा तासांत ते काय करू शकले असते? अंतराळवीरांच्या कार्यालयात फोन लावणं अशक्य नव्हतं. तसं केलं असतं तर नोकरी गेली असती, आणि बहुधा फोनवर कुणी विश्वासही ठेवला नसता. आज खुर्चीत बसून हे लिहिणं सोपं आहे. तरी कठड्याचा उतारा हाच प्रश्न विचारतो, आणि एबलिंग स्वतःला तोच विचारत राहिले.

तीस वर्षं

बोइजोली यांनी आयोगाला कागदपत्रं दिली, सहकाऱ्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, प्रकृती ढासळली आणि ते कंपनीतून बाहेर पडले. 1988 मध्ये त्यांना वैज्ञानिक स्वातंत्र्य आणि जबाबदारीसाठीचा पुरस्कार मिळाला आणि पुढे ते अभियंत्यांसमोर नीतिमत्तेवर बोलत राहिले. मॅकडॉनल्ड आयोगाच्या बंद बैठकीत मागे बसले होते. नासाची बाजू अर्धवट मांडली जाते आहे हे पाहून त्यांनी हात वर केला आणि आमची शिफारस न उडवण्याची होती, असं सांगितलं. कंपनीने त्यांना बाजूला सारलं, अमेरिकी संसदेतून दबाव आल्यावर परत घेतलं आणि सांध्याची नवी रचना त्यांच्याच हाती दिली. नव्या सांध्यात तिसरं कडं आलं, फट उघडू न देणारी धातूची पकड आली, थंडीसाठी विजेची ऊब आली. 29 सप्टेंबर 1988 ला डिस्कव्हरी त्या बूस्टरवर उडालं.

जुन्या चर्चपरंपरेत प्रायश्चित्ताचे तीन भाग मानतात: पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात तो मधला. मॅकडॉनल्ड यांना तिसरा भाग अक्षरशः हातांनी करायला मिळाला, कठडा बांधायला मिळाला. एबलिंग लवकरच निवृत्त झाले. युटातल्या ग्रेट सॉल्ट लेक या सरोवराच्या खाऱ्या पुराने उद्ध्वस्त केलेलं बेअर रिव्हरचं पक्षी अभयारण्य पुन्हा उभं करायला त्यांनी वर्षानुवर्षं श्रम दिले. त्या कामाबद्दल 1990 मध्ये राष्ट्राध्यक्षांकडून त्यांचा गौरव झाला. पण मन शांत झालं नाही. भरपाई झाली ती दुसऱ्याच नुकसानीची.

दुर्घटनेनंतर तीन आठवड्यांनी त्यांनी अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओला नाव न देता त्या रात्रीची हकीकत सांगितली होती. जानेवारी 2016 मध्ये, 89 व्या वर्षी, ते नावानिशी बोलले. ही देवाची एक चूक झाली असं मला वाटतं, त्याने त्या कामासाठी मला निवडायला नको होतं. पुढच्या वेळी त्याच्याशी बोलेन तेव्हा विचारणार आहे, मीच का? तू एका हरणाऱ्याला निवडलंस.

कुणी धर्मगुरू लगेच उत्तर देईल, की बायबलमधला मोशे तोतरा होता, संदेष्टा यिर्मया म्हणाला मी पोर आहे, देव अशांनाच निवडतो. यिर्मयाचं तर चाळीस वर्षं कुणी ऐकलं नाही आणि यरुशलेम पडलंच, तरी तो हरला असं शास्त्र म्हणत नाही. देवाला यश नको, निष्ठा हवी. हे उत्तर संदेष्ट्याला पुरतं. अभियंत्याला ते पुरेल असं मला वाटत नाही, कारण त्याची निष्ठा कशाशी असते? सांधा टिकण्याशीच. पूल पडल्यावर ‘माझी निष्ठा खरी होती’ हे वाक्य घशाखाली उतरत नाही. एबलिंग यांची वेदना विकृत नव्हती. आपल्या पाचारणाचा अर्थ त्यांना बरोबर कळला होता, म्हणूनच ती होती.

मुलाखत ऐकून शेकडो लोकांनी पत्रं लिहिली. मॅकडॉनल्ड यांनी एबलिंग यांना समजावलं, की जो काहीच करत नाही तो हरणारा. तुम्ही केलंत, तुम्हाला पर्वा होती. नासाकडून निवेदन आलं. आणि त्या रात्री हादरलेल्या जॉर्ज हार्डी यांनीही कळवलं: तुमच्याकडून अपेक्षित होतं ते सगळं तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्यांनी केलं. निर्णय नासा आणि थायोकॉलमधल्या अनेकांनी मिळून घेतलेला सामूहिक निर्णय होता. नसलेल्या दोषासाठी स्वतःला छळू नका.

या निरोपाकडे मला परत परत वळावंसं वाटतं. ज्याच्या शब्दाने युटातल्या खोलीवर दडपण आलं होतं, त्यानेच तीस वर्षांनी दुसऱ्याला मोकळं केलं. मोकळं करताना स्वतःसाठी त्याला ‘सामूहिक’ हाच शब्द मिळाला. नीबूर यांनी भुवई उंचावली असती. तरीही निरोप पोचला तो पोचलाच. एबलिंग यांनी रेडिओला सांगितलं, की तुम्ही माझ्या काळजीत पडलेल्या मनाला आराम दिलात. जगाने जणू परवानगी दिली आणि बाबांना ते सोडून देता आलं, असं त्यांची मुलगी म्हणाली. यहेज्केलाचा उतारा त्यांना सोडवायला उपलब्ध होता, तो छापील होता, कुणीही दाखवू शकलं असतं. पण दोषमुक्ती स्वतःची स्वतःला वाचून दाखवता येत नाही. चर्चमध्ये ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची पद्धत आहे. इथे ती चर्चच्या बाहेर, तीस वर्षं उशिरा, रेडिओच्या श्रोत्यांकडून आणि एका जुन्या प्रतिपक्षाकडून आली. एबलिंग मार्च 2016 मध्ये वारले.